राजा सर टी. माधवराव : कुंभकोणम ते बडोदे

कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन उच्च न्यायालयांची शताब्दी १९६२ साली साजरी झाली. त्या निमित्ताने भारत सरकारच्या टपाल खात्याने त्या वर्षीच्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत प्रत्येकी १५ नव्या पैशांची तीन तिकिटे काढली. मद्रासच्या तिकिटावर तेथील उच्च न्यायालयाची घुमट-मनोऱ्यांची तांबडी वास्तू आहे. न्यायालय १८६२ चे. परंतु चित्रातील इमारत मात्र १८९२ च्या जुलै महिन्यात खुली झालेली. म्हणजे तिकिटाने शताब्दी एका संस्थेची केली आणि चित्र दिले तिच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असलेल्या वास्तूचे. स्मारकांच्या बाबतीत असे नेहमीच घडते. संस्थेला रूप नसते, म्हणून तिच्या भिंतींना रूप द्यावे लागते. आणि भिंती उभारण्यापूर्वी ज्यांनी न्यायाची घडी बसविली ते सहसा चित्राबाहेरच राहतात.

ही गोष्ट देशी संस्थानांच्या बाबतीत तर अधिकच खरी आहे. त्रावणकोरचे उच्च न्यायालय आज केरळच्या उच्च न्यायालयात विलीन झालेले आहे. बडोद्याचे ‘वरिष्ठ कोर्ट’ संस्थानाबरोबर १९४९ साली मुंबई इलाख्यात गेले, आणि १९६० पासून तो प्रदेश गुजरातच्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत आला. या दोन्ही संस्थानांतील न्यायव्यवस्थेच्या पायाभरणीशी ज्या एकाच पुरुषाचा निकट संबंध आला, तो पेशाने वकील नव्हता, न्यायाधीशही नव्हता. तो कुंभकोणमच्या एका मराठी घरातला, गणित आणि ज्योतिषशास्त्र यांची गोडी असलेला दिवाण होता. राजा सर टी. माधवराव यांचे चरित्र मराठी वाचकाला सहसा बडोद्यापासून, सयाजीरावांचे दिवाण म्हणून, ठाऊक असते. परंतु त्या चरित्राचा पूर्वार्ध कावेरीच्या काठी आणि त्रावणकोरात घडला, आणि तो समजल्याखेरीज उत्तरार्धाचा उलगडा होत नाही.

त्यांच्या नावामागील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे आहे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी हस्तगत केल्यावर त्यांच्यामागून जी देशस्थ घराणी कावेरीच्या खोऱ्यात गेली, त्यांनी हिशेब, दफ्तर आणि मुत्सद्देगिरी हेच आपले वतन मानले. घरात मराठी, बाजारात तामिळ, धर्मकार्यात संस्कृत आणि पुढे कचेरीत इंग्रजी अशा चार भाषांत ही मंडळी सहज वावरत. दफ्तर मोडीत लिहिले जाई. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. त्याच राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव दिले. मात्र १७९९ नंतर तंजावरच्या राजाकडे राजधानीचा किल्ला आणि तनखा एवढेच उरले होते. राज्यच नाही तेथे कारभाऱ्यांना काम कोठून असणार? ही बुद्धी, हे हिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे कसब मग शेजारच्या संस्थानांकडे आणि कंपनी सरकारच्या कचेऱ्यांकडे वळले. त्रावणकोरात तर तंजावरच्या मराठी दिवाणांची परंपराच निर्माण झाली. स्वातितिरुनाळ महाराजांचे शिक्षक सुब्बाराव हे पुढे दिवाण झाले. माधवरावांचे चुलते व्यंकटराव हे दोन वेळा आणि वडील रंगराव हेही अल्पकाळ त्या पदावर होते.

या घराण्यात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. पणजे गोपाळपंत आणि आजे गुंडोपंत यांनीही राजदरबारी व सरकारी अधिकाराची कामे केली होती. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधले हे गाव कुंभेश्वर, शार्ङ्गपाणि आणि रामस्वामी यांच्या देवळांचे, बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवाचे आणि शास्त्रीपंडितांचे. इंग्रजी विद्येचे केंद्र म्हणून त्याची ख्याती नंतरची. तेथील सरकारी विद्यालय १८५४ साली सुरू झाले, आणि त्याला पुढे दक्षिणेचे केंब्रिज हे नाव पडले. माधवरावांच्या बालपणी मात्र उच्च इंग्रजी शिक्षणासाठी मद्रासला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मद्रासच्या हायस्कुलात १८४१ साली ते दाखल झाले. ही शाळा त्याच वर्षी उघडली होती आणि तिचे मुख्याध्यापक एअर बर्टन पॉवेल हे गणिताचे मोठे व्यासंगी होते. याच शाळेचे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. पॉवेल यांच्या हाताखालून जी पहिली पिढी बाहेर पडली तिच्याकडे नुसती नजर टाकली तरी एकोणिसाव्या शतकातील दक्षिणेचा अर्धा कारभार डोळ्यांसमोर उभा राहतो. माधवरावांनंतर त्रावणकोरचे दिवाण झालेले शेषय्या शास्त्री, त्यानंतरचे रामय्यंगार आणि मद्रास उच्च न्यायालयाचे पहिले भारतीय न्यायमूर्ती मुत्तुस्वामी अय्यर हे सर्व त्याच गुरूचे शिष्य. माधवरावांची बुद्धी गणिताकडे आणि खगोलाकडे ओढ घेई. पॉवेल यांच्या घराच्या व्हरांड्यात बसून त्यांनी नक्षत्रांचा अभ्यास केला, आणि पैसे खर्चण्याची ऐपत नसल्यामुळे वेळूच्या नळ्यांत भिंगे बसवून दुर्बिणी तयार केल्या. वेळूच्या दुर्बिणीची ही हकीकत चरित्रकारांना आवडते, आणि ती आवडण्याजोगीही आहे. परंतु तिच्यातून त्यांच्या कारभाराची एक खूण हाती लागते हे अधिक महत्त्वाचे. हाताशी असलेल्या साधनांतच नवे यंत्र बसवावयाचे, जुने मोडून टाकण्याची घाई करावयाची नाही, ही त्यांची रीत अखेरपर्यंत टिकली.

शिक्षण १८४६ साली उत्तम प्रकारे पुरे झाले. काही काळ त्यांनी शाळेतच गणित व पदार्थविज्ञान शिकविले, मग मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. त्रावणकोरच्या राजपुत्रांसाठी १८४९ साली इंग्रजी शिक्षक हवा होता; त्या जागी त्यांची निवड झाली. आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे दोघे बंधू त्यांचे विद्यार्थी. चार वर्षांच्या अध्यापनानंतर ते महसुलाच्या कामावर गेले आणि दिवाण पेशकाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. दिवाण कृष्णराव १८५७ साली वारले आणि १८५८ साली ती जागा माधवरावांकडे आली. त्यावेळी त्यांची तिशीही पुरी झालेली नव्हती.

हाती आलेला कारभार सुखाचा नव्हता. खजिन्यात पैसा नाही, नोकरांचे पगार थकलेले, कंपनीची खंडणी तुंबलेली. संस्थान खालसा करण्याची धमकी डलहौसीच्या काळात एकदा येऊन गेलेली. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे १८५५ साली पुत्रहीन वारल्यावर ते राज्य नावापुरतेही उरले नाही, हे या तंजावरी दिवाणाने आपल्या घरालगत पाहिले होते. अव्यवस्था हे परक्या सत्तेला दिलेले आमंत्रण आहे हा धडा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. त्यांच्या पुढील सगळ्या सुधारणांमागे ही भीती उभी आहे. तिला केवळ भीती म्हणणेही अपुरे आहे. देशी राज्य देशी हातांनी नीट चालू शकते हे दाखवून देण्याची ती ईर्षा होती.

पहिल्याच वर्षी मात्र त्यांची कसोटी अशा प्रश्नावर लागली की जेथे हिशेबी बुद्धी उपयोगी पडत नव्हती. दक्षिण त्रावणकोरात शाणार जातीच्या स्त्रियांनी छाती झाकणारे वस्त्र घेऊ नये अशी रूढी होती, आणि तिला सरकारी आज्ञेचा पाठिंबा होता. त्यांपैकी ज्या ख्रिस्ती झाल्या त्यांना १८२९ च्या जाहीरनाम्याने पोलके घालण्याची मुभा मिळाली होती, पण उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वरचे वस्त्र घेण्याची नाही. राणीचा जाहीरनामा १८५८ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाल्यानंतर तणाव वाढला. रस्त्यांवर आणि बाजारांत स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनामंदिरे व शाळा जाळल्या गेल्या. माधवरावांनी या प्रसंगी घेतलेली भूमिका रूढीच्या बाजूची होती. राज्याने बदल करीपर्यंत चालत आलेली वहिवाट पाळली पाहिजे आणि ती मोडणारा शांततेचा भंग करतो, असा तिचा आशय होता. मिशनऱ्यांनी तक्रारी केल्या, मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणले, आणि अखेर २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने शाणार स्त्रियांना कोळी स्त्रियांप्रमाणे जाडेभरडे वस्त्र घेण्याची परवानगी मिळाली. उच्चवर्णीयांच्या पद्धतीने वस्त्र घेण्याची बंदी तेव्हाही कायम राहिली.

माधवरावांचे जुने चरित्रकार हा प्रसंग दोन ओळींत उरकतात, आणि त्यांच्या चातुर्याने दंगा शमला एवढेच सांगतात. ही सोय खरी नव्हे. कायद्यापुढे सर्व समान असावेत हे ज्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले, त्यांनाच समानतेची पहिली मागणी आली तेव्हा ती बंडाळी वाटली. ज्या स्त्रियांच्या अंगावरचे वस्त्र ओढले गेले, त्यांच्या बाजूने पाहिले असता दिवाणाचे चातुर्य म्हणजे दिरंगाई होती. त्यांचा बचाव करावयाचा तर इतकेच म्हणता येईल की नव्या दिवाणाच्या पाठीशी राजवाडा, देवस्वम् आणि नायर सरदार यांच्याखेरीज दुसरे बळ नव्हते. हा बचाव परिस्थितीचा आहे, न्यायाचा नव्हे.

ऑक्टोबर १८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गादीवर आले आणि गुरु-शिष्यांच्या कारभाराचे तप सुरू झाले. मिरीचा मक्ता प्रथम उठला. तोपर्यंत पिकलेली सर्व मिरी सरकारने ठरविलेल्या भावाने सरकारलाच द्यावी लागे. भाव पडला की शेतकरी वेलाकडे पाठ फिरवी आणि चोरटा व्यापार फोफावे. मक्त्याऐवजी निर्यातीवर जकात बसविली आणि ती क्रमाने कमी केली. तंबाखूचा मक्ता हे संस्थानाच्या उत्पन्नाचे मोठे साधन. तोही १८६३ साली बंद झाला. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन व त्रावणकोर यांच्यात करार होऊन आपसांतील बहुतेक जकाती गेल्या. त्याच वर्षीच्या ‘पाट्टम’ जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर पूर्ण मालकी दिली. ती जमीन त्यांना विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली, वारसांना देता येऊ लागली. केरळातील जमिनीच्या इतिहासात या एका कागदाचे महत्त्व फार मोठे आहे, कारण मलबारात जमीनदारांचे वर्चस्व शतकभर टिकले आणि त्रावणकोरात मध्यम शेतकऱ्यांचा वर्ग उभा राहिला तो या दोन प्रदेशांच्या निरनिराळ्या वाटांमुळेच.

न्यायखात्याची पुनर्रचना याच काळातली. दिवाण हाच महसूल गोळा करणारा आणि दिवाण हाच फिर्यादी ऐकणारा, हा जुना घोळ होता. १८६१ पासून वरच्या अपिलांसाठी सदर कोर्टाची रचना झाली आणि पुढील उच्च न्यायालयाचे बहुतेक अधिकार त्या कोर्टाकडे आले. ब्रिटिश हिंदुस्थानातील दिवाणी व फौजदारी कायद्यांच्या धर्तीवर नियम करण्यात आले. न्यायाधीशांचे पगार वाढविले आणि मद्रासेत शिकलेली, कायदा जाणणारी माणसे नेमली. पगाराचा मुद्दा येथे गौण समजू नये. ज्याला महिन्याचे पोट भरण्यासाठी पक्षकारांकडे पाहावे लागते त्याच्याकडून निःस्पृह निकालाची अपेक्षा करणे व्यर्थ, हे हिशेबतपासनिसाच्या कचेरीत उमेदवारी केलेल्या दिवाणाला चांगले ठाऊक होते. त्याबरोबरच कारभाराचे वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध करण्याची प्रथा त्यांनी पाडली. राज्याचा जमाखर्च प्रजेने वाचावा ही कल्पनाच संस्थानी दरबारांना नवी होती.

त्रावणकोरला आदर्श संस्थान म्हटले जाऊ लागले. दिवाणांना १८६६ साली ‘सर’ हा किताब मिळाला. पार्लमेंटचे सभासद हेन्री फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या तुर्गो या अर्थमंत्र्याशी केली. परंतु यशस्वी दिवाण आणि वयात आलेला राजा यांचे फार दिवस जमत नाही. आयिल्यम तिरुनाळ यांच्याशी मतभेद वाढले आणि १८७२ मध्ये माधवराव निवृत्त झाले. महिना हजार रुपयांचे निवृत्तिवेतन त्यांना मिळाले. त्यांचा दुसरा विद्यार्थी विशाखम तिरुनाळ याने याच सुमारास ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत एक विस्तृत लेख लिहिला. शिष्याने गुरूचे आणि युवराजाने दिवाणाचे चरित्र लिहावे, हा भारतीय चरित्रवाङ्मयातील विरळा प्रसंग आहे. एका भावाशी दिवाणाचे बिनसले असता दुसऱ्याने तो लिहिला हेही विसरून चालणार नाही.

व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा त्यांनी नाकारली. हिंदुस्थानच्या अर्थव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस बोलावणे आले, तेव्हा समुद्रगमन निषिद्ध म्हणून तेही नाकारले. तुर्गोशी तुलना झालेला हा पुरुष कुंभकोणमच्या वैदिक मर्यादेत किती घट्ट बांधलेला होता हे त्यावरून दिसते. १८७३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला नेले. तेथील दोन वर्षांत दंडसंहितेच्या मसुद्याचे काम विशेष झाले. त्यांच्यामागून इंदूरची दिवाणगिरी त्यांचे चुलतबंधू, व्यंकटरावांचे पुत्र, दिवाणबहादूर रघुनाथराव यांनी केली.

बडोद्याचे प्रकरण मराठी वाचकाला सुपरिचित असले तरी त्यातील एक बाजू नेहमी अंधारात राहते. मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा आरोप आला. चौकशी करणाऱ्या सहा जणांच्या मंडळात तीन इंग्रज व तीन भारतीय होते; इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले, भारतीयांना तसे वाटले नाही. सरकारने मग विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून बेबंद कारभाराच्या कारणासाठी एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केले. महाराष्ट्रातील लोकमत या निर्णयाने दुखावलेले होते. राजा काढला, आणि त्याच्या जागी कारभारासाठी माधवराव आणले, अशा परिस्थितीत १० मे १८७५ रोजी त्यांनी बडोद्याची सूत्रे हाती घेतली. त्या मे महिन्याच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. पुढील सहा वर्षे माधवराव हे दिवाणही होते आणि व्यवहारतः राज्यकर्तेही.

भाषेने ते मराठीच. पण बडोद्याच्या मराठा सरदारांच्या दृष्टीने हा मनुष्य दूर दक्षिणेतून इंग्रजांच्या शिफारशीने आलेला. त्यांच्या घरातील मराठीने तामिळ देशात दोनशे वर्षे काढली होती. देशावरील बोलीपासून ती पुष्कळ दूर गेलेली, जुनी रूपे जपणारी आणि तामिळ शब्द पचविलेली अशी होती. सत्तेच्या दरबारात भाषेचा असा निराळेपणा माणसाला आपला करीत नाही आणि परकाही होऊ देत नाही. माधवरावांनी या अवस्थेचा फायदाच करून घेतला असे म्हणावे लागते. स्थानिक घराण्यांपैकी कोणाशीच सोयरीक नसल्याने इजारदार, सावकार आणि सरदार या तिघांनाही ते एकाच मापाने मोजू शकले. गावोगावचा महसूल लिलावाने विकण्याची इजाऱ्याची पद्धत बंद झाली आणि वसूल सरकारी नोकरांकडे आला. जुन्या देण्यांची तपासणी झाली. शाळा, दवाखाने, तुरुंग, पोलीस यांची स्वतंत्र खाती झाली. विनायक जनार्दन कीर्तने, म्हणजे ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकाचे कर्ते, बडोद्याच्या कारभारात नायब दिवाण होते. मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभीचा हा लेखक आणि तंजावरी दिवाण एका कचेरीत बसत होते ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

न्यायाच्या क्षेत्रात ‘वरिष्ठ कोर्ट’ ही बडोद्यातील त्यांची मुख्य निर्मिती. ‘हायकोर्ट’ हा शब्द न घेता मराठी-संस्कृत नाव दिले गेले हे लक्षणीय आहे. त्या कोर्टाच्या खाली जिल्ह्यांची आणि मुन्सिफांची न्यायालये, आणि वर अखेरची दाद ऐकणारी हुजूर सत्ता अशी ही उतरंड होती. तिचा कळीचा भाग म्हणजे राजाने खालच्या खटल्यांत बोट घालू नये हा दंडक. मल्हाररावांच्या काळात न्याय हा महाराजांच्या मर्जीचा विषय झाला होता. ती मर्जीच कारभारातून काढून घेण्याचा हा यत्न होता. जनार्दन सखाराम गाडगीळ यांच्यासारखे मुंबई विद्यापीठाचे विद्वान पुढे बडोद्याच्या न्यायखात्यात मोठ्या पदावर गेले आणि त्या न्यायासनाची प्रतिष्ठा वाढली.

याच काळात तंजावर आणि बडोदे यांच्यात एक निराळाच दुवा जुळला. सयाजीरावांचा विवाह जानेवारी १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. बडोद्यास त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व नट्टुवनार यांचा ताफा बडोद्यास आला आणि आज जिला भरतनाट्यम् म्हणतात ती नृत्यपरंपरा पश्चिम भारतात प्रथम रुजली. गौरा आणि कांतिमती या त्या ताफ्यातील दोघी नर्तकींची नावे नृत्याच्या इतिहासात राहिली आहेत. चिमणाबाई १८८५ साली अल्पवयात वारल्या. लक्ष्मीविलास राजवाड्याचे नाव त्यांच्या मूळ नावावरून पडले असे मानतात. दिवाणाच्या चरित्रात हा प्रसंग आडवाटेचा वाटेल, पण महसुलाच्या तक्त्यांहून तो अधिक दिवस टिकला.

सयाजीराव सज्ञान होण्याच्या वर्षी, १८८१ साली, माधवरावांनी त्यांच्यापुढे राज्यशास्त्रावर इंग्रजीत व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने खासगी उपयोगासाठी छापली गेली. राज्याचे प्रयोजन प्रजेचे सुख हेच होय; राजाचा खासगी खर्च आणि राज्याचा खजिना वेगळा असावा; न्यायाधीशावर कोणाचेही, खुद्द राजाचेही, दडपण येऊ नये; खुशामतखोरांना दूर ठेवावे; सार्वभौम सत्तेशी वागताना आपले हक्क लेखी करारांच्या आधारे आणि शांत शब्दांत मांडावेत, असा त्यांचा बोध आहे. अर्थशास्त्रापासून रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापर्यंत राजनीतीचे जे वाङ्मय भारतात झाले, त्याच्या ओळीत या व्याख्यानांना बसविणे आवश्यक आहे. फरक इतकाच की आज्ञापत्र गड आणि आरमार यांची चिंता वाहते, आणि माधवराव अशा राजाला शिकवीत आहेत की ज्याच्या हाती युद्धाचा अधिकारच उरलेला नाही. म्हणून त्यांची राजनीती ही संयमाची राजनीती आहे. दीर्घकाळ हा ग्रंथ संग्रहालयांच्या कपाटांतच पडून होता. राहुल सागर यांनी २०२२ साली त्याची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केल्यापासून आधुनिक भारतीय राजकीय विचाराच्या अभ्यासात त्याला स्थान मिळू लागले आहे.

डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि दुसऱ्या वर्षी माधवरावांनी बडोदे सोडले. त्रावणकोरचीच पुनरावृत्ती झाली. ज्या विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे राज्य करावयास शिकविले त्याने तसे करावयास आरंभ केल्यावर शिक्षकाला जागा उरली नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात मिळालेला ‘राजा’ हा किताब घेऊन ते मद्रासला परतले आणि मैलापुरात राहू लागले.

तेथील आठ-नऊ वर्षे विश्रांतीची नव्हती. मलबारातील कुळांच्या प्रश्नावर १८८५ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. ज्या प्रश्नाला त्रावणकोरात त्यांनी वीस वर्षांपूर्वी हात घातला होता तोच आता ब्रिटिश मुलखात त्यांच्यापुढे आला. डिसेंबर १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष माधवराव होते. त्याच वेळी न्यायमूर्ती रानडे आणि रघुनाथराव यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, त्याचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कायदेमंडळांच्या रचनेविषयी मतभेद झाल्यावर राष्ट्रीय सभेपासून मात्र ते दूर झाले. आयुष्यभर वरून खाली सुधारणा नेलेल्या दिवाणाला खालून वर येणाऱ्या मागणीचा वेग झेपला नाही, असे दिसते. १८५९ च्या माणसाचीच ही दुसरी बाजू होती.

सामाजिक बाबतीत ते वयाबरोबर पुढे सरकले. बालविवाहाविरुद्ध आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने त्यांनी लिहिले. टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या, मुलांच्या संगोपनाविषयीच्या इंग्रजी पुस्तिकेची मराठी, गुजराती व मल्याळम भाषांतरे झाली. तामिळमध्ये ज्योतिषशास्त्रावर त्यांनी लेखन केले, आणि मराठीत लहान मुलांसाठी छोट्या कविता रचल्या. ही विभागणी विचार करण्यासारखी आहे: राज्य आणि सुधारणा यांसाठी इंग्रजी, आकाशासाठी तामिळ, आणि घरातल्या मुलांसाठी मराठी. तंजावरी मराठी ही घराची भाषा म्हणून राहिली आणि ग्रंथाची भाषा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडत गेली, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. कीर्तनपरंपरेच्या रूपाने तिचा प्रवाह तामिळ हरिकथेत मिसळला. कारभारी घराण्यांत मात्र ती स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्यातच उरली.

अखेरच्या वर्षांत हर्बर्ट स्पेन्सरचे ग्रंथ त्यांच्या वाचनात असत. ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रास येथे ते वारले. त्या वेळी समुद्रकिनाऱ्याजवळ उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचे काम चालू होते. ती पुरी होण्यास आणखी सव्वा वर्ष होते.

कुंभकोणमचे घराणे त्यांच्याबरोबर संपले नाही. त्यांचे पुत्र आनंदराव हे १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. आनंदरावांच्या आधी त्या पदावर व्ही. पी. माधवराव होते, तेही कुंभकोणमचेच मराठी, तेही त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झालेले, त्यामुळे या दोन माधवरावांची पुष्कळदा गल्लत होते. सर माधवरावांचा पुतळा तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर उभा आहे. ती सचिवालयाची वास्तू त्यांच्याच दिवाणगिरीत, १८६९ साली, पुरी झाली. समोरच्या चौकाला गावात नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. बसच्या पाटीवरही तेवढेच नाव असते.